विवेचक वजा सोळा

अश्वजित,

मी दहावीच्या गणिताच्या पेपरले चालली. गाडीवर सोडतो म्हणला होता, पण तू उठलाच नाई, म्हणून बोरगावच्या चौकातून ऑटोनं वर्ध्याले चालली. भात कुकरमध्ये आहे, वरण गरम करून घेजो.

काल तुह्या तीन दोस्तायसमोर तू माह्या वहीवर लाल फुली मारली. x² + 2x + 5 = 0 ले वास्तव मुळं नाईत, असं मी लिहिलं होतं. "आईले उत्तर आलं नाई का ते गणितालेच उत्तर नाई म्हणते," असं तू म्हणला आन सगळे हासले. मी कप उचलून आत गेली.

विवेचक तूच शिकवला होता मले. सूत्रात आकडे टाकायच्या आधी b चा वर्ग वजा चार ac काढायचं. ते ऋण आलं का वास्तव मुळं नसतात, तिथंच थांबायचं. इथं चारातून वीस गेले, वजा सोळा आले. तू घाईत पाचले वजा पाच धरलं, म्हणून तुहे चोवीस आले. या वयात दहावीले बसली म्हणून मी बावळट नाई झाली.

आज पिशवी भरताना वही पाह्यली. त्या फुलीवर गिरवून तू बरोबरची खूण केली आहे. मले मात्र एका शब्दानं बोलला नाई. हासाले चार जण होते, खोडाले तू एकटाच.

संध्याकाळी त्या तिघायले घरी बोलावजो. गणित मी सोडवून दाखवीन. चहा तू करजो.

आई