घरचं औषध

बालाघाट,
१२ सप्टेंबर २००४

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, श्रुतिकाला गोड पापा. आईचे गुडघे बरे आहेत. इकडे धान छान आहे. मी पंधरा दिवसांच्या रजेवर आलेय.

बाबांच्या मानेला गाठी आल्यात, हे तुला आईने कळवलंच असेल. जूनमध्ये मी त्यांना नागपूरला नेलं. कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, लगेच मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं सुरू करू. नाव ऐकताच बाबा हसले. "हे तं माही पोरगीच बनवते, डॉक्टरसाहेब! घरचं औषध सोडून परक्याचं काहून घेऊ?"

दादा, पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत मी बनवते त्या अँटिबॉडी बांबूसाठी आहेत. बांबूच्या पेशीभोवती भिंत असते, तिच्यात साखरेच्या लांब साखळ्या असतात. त्यातली नेमकी एक साखळी ओळखून आमची अँटिबॉडी तिला चिकटते, म्हणजे भिंत कशाची बनलीय ते आम्हाला दिसतं. बस, एवढंच. माणसाच्या गाठीशी तिचा काही संबंध नाही. मी कागदावर चित्र काढून समजावलं. आयुष्य वनखात्यात बांबू मोजण्यात गेलेला माणूस. म्हणाले, "चिकटते ना? मंग इथंही चिकटन."

पुण्याला परत निघाले तेव्हा बस सुटत होती. खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं, "आणशीन ना?"

मी म्हणाले, "हौ बाबा, पाहते."

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. त्या एका 'हौ'वर ते अडीच महिने नागपूरला गेले नाहीत. बाबांच्या बोलण्यावरून आईला वाटलं, मी औषध घेऊन येतेय. फोनवर मी "कसे आहात?" विचारायची, ते "मस्त" म्हणायचे. मलाही तेच ऐकायचं होतं.

परवा पुन्हा नेलं. गाठी पोटातही पसरल्यात. डॉक्टर म्हणाले, आता शरीराला इंजेक्शनं पेलवणार नाहीत.

काल मी त्यांचे पाय धरून सगळं खरं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडून काहून राह्यली? सरकारी कामाले उशीर लागतेच. येईन तुही सुई."

तुझ्या लग्नापासून सात वर्षं ते तुझं नाव घेत नव्हते. हल्ली घेतात. पण बोलवू म्हटलं की म्हणतात, "आता नको. दिवाळीत मी उठून बसलो का मंग बोलावजो."

दिवाळी दोन महिन्यांवर आहे. डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितलेत.

त्यांना न विचारता तुला बोलावणारी,
देवश्री