माळ्याच्या वाफ्यातला झेंडू

प्रिय ठमाबाई,

तू लहान होतीस तेव्हाची एक सकाळ आठवते. तुझे बाबा भट्टीच्या झाकणाला कणीक लावत होते, वाफ निसटू नये म्हणून. मी बाजारातून आलेल्या शिळ्या फुलांतून तारा आणि टाचण्या वेचत होते, आणि तू पोत्यावर बसून दात घासत होतीस. लोकांनी फेकलेली फुलं उकळून त्यांतून सुगंध काढायचा, हे वेड त्यांचं. आजी म्हणायची, "माझ्या पोरानं कचऱ्याशी संसार मांडलाय." संध्याकाळी आपल्या तिघांच्या केसांना शिजलेल्या पाल्याचा वास यायचा. तेव्हा मी नाक मुरडायची. आता तो उशीत शोधते.

इकडे ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणते. बाबा गेल्यापासून भट्टी बघणारा तुझा काका फार गोड वागतो, आणि तेच मला खटकतं. ज्यानं जन्मात कधी पाण्याचा पेला उचलून दिला नाही, तो म्हणतो, "वहिनी, तुम्ही फक्त फुलं निवडा. भट्टीकडे येऊ नका, वाफ बाधेल." इतकी वर्षं नाही बाधली ती! भट्टीच्या खोलीला कुलूप असतं. मागच्या दारानं निळी पिंपं येतात. विचारलं तर म्हणाला, "पाणी आहे." पाण्याला इतका घमघमाट? तरी पुन्हा फुलं निवडायला बसले. एकटी बाई संशयी होते म्हणतात, मला वाटलं माझंही तेच झालंय.

मग सोमवारी माळी भेटला. फुलं उकळून उरलेला चोथा आपल्याकडून खताला नेतो, तोच. म्हणाला, "वहिनी, खतात काय जादू करता? मी लावला कोबी, आणि वाफाभर उगवलाय झेंडू!" मी हसले. घरी येऊन चहा टाकला, तो उतू गेला तरी कळलं नाही. उकळलेलं बी कधी रुजतं का गं? म्हणजे माझ्या हातानं निवडलेली फुलं भट्टीत जातच नव्हती. पुढून आत यायची आणि तशीच मागून माळ्याकडे. बाटलीत जातं ते पिंपातलं, विकतचं.

शनिवारी तू प्रदर्शनात त्या बाटल्या घेऊन उभी राहशील. लेबलावर बाबांचा फोटो. फेकलेल्या फुलांचा अर्क म्हणून तू मनापासून सांगशील, आणि तुझ्याकडे बघून लोक विश्वास ठेवतील. काकानं तुलाच का बोलावलं, ते मला आता कळतंय. तू तोंड उघडायच्या आत हे तुझ्या कानावर असावं, म्हणून हे पत्र. काय बोलायचं ते तू ठरव. माळी भेटला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकाकडे भट्टीच्या खोलीची किल्ली मागितली. "सापडत नाही," म्हणाला. बाबांच्या जुन्या जुडग्यातली लागली. भट्टीत कोळ्याचं जाळं होतं. मी ते झाडलं, फुलं आत ओतली, झाकणाला कणीक लावली आणि जाळ केला.

तुझीच,
आई