आज कोणाचा नंबर?

जुनी इंदूर, शनिवार
माघ महिना (तिथी शांता सांगेल, ती आत्ता शेजारच्या जनाबाईंकडे गेली आहे)

तीर्थस्वरूप मामासाहेबांच्या पायांशी भाचा रघुवीर याचा डोकं टेकून नमस्कार.

आम्ही तिघंही इकडे मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? ग्वाल्हेरच्या थंडीत तो ठणकत असणार आणि तुम्ही कोणाला सांगत नसणार, म्हणून मामींनी वेगळ्या कार्डावर खरं काय ते कळवावं. बेबीला सहावं लागलं, पुढचे दोन दात पडले, त्यामुळे तुम्ही पाठवलेली तिळाची गजक तिला चावत नाही, ती चोखते. (निम्मी मी खाल्ली. पोरीचे हाल बघवेनात.)

सरकारी दफ्तर सोडून मी कापडबाजारातल्या पेढीवर गेलो तेव्हापासून चार महिने तुमचं पत्र नाही. गजक आली, पण आत चिठ्ठी नव्हती. तुमचा राग रास्त आहे. चिंतामणरावांकडे शब्द टाकून दफ्तरात मला तुम्हीच चिकटवलं होतंत. पण मामा, पगार पंच्याण्णव, आणि मध्यभारत झाल्यापासून दर थंडीत कागद पेटाऱ्यांत भरून ग्वाल्हेरला न्यायचे आणि उन्हाळा लागला की परत इंदुरात आणायचे. गेल्या खेपेला फायली म्हणून जो पेटारा मी रात्रभर मांडीशी धरून नेला त्यात चिंतामणरावांच्या घरचे पापड निघाले, आणि फायली त्यांच्या माळ्यावर. असल्या नोकरीत माणसाने किती दिवस काढावे? पेढीवर दोनशे चाळीस मिळतात, आणि येत्या सोमवारी तीन वर्षांची लिखापढी केली की तीनशे. सही करायची हे माझं ठरलेलं आहे. तुमचा सल्ला मागत नाही, फक्त कानावर घालतो.

सेठजींचं नाव लिहीत नाही (आमच्या भागातला पोस्टमन त्यांच्याकडे चहाला बसतो). माणूस पगाराला चोख. पहिल्या तारखेला लिफाफा हातात, वर एक वेलदोडा. फक्त पेढीचा एक रिवाज आहे. रोज सकाळी दहाला सेठजी गादीवर बसतात, चष्मा पुसतात, आणि पाव घंटा एका नोकराला सगळ्यांदेखत झाडतात. कोणाला, ते मुनीमजींच्या लाल वहीत नंबराने लिहिलेलं असतं. आजपर्यंत एकाचाही नंबर चुकलेला नाही. तिसऱ्याच दिवशी माझं नाव निघालं, तेव्हा मी मुनीमजींना विचारलं की माझा कसूर काय? ते म्हणाले, कसूर का क्या है भिया, वो सेठजी खुद देख लेंगे. सेठजींनी पाहिला. आधी माझं अक्षर बारीक, मग कान मोठे, मग आम्ही सारे मराठी लोक दरबारच्या खिचडीवर वाढलेले ऐतखाऊ, आणि शेवटी, बापाने काही शिकवलं की नाही? बाबा होळकरांच्या रिसाल्यात होते हे सांगायला मी तोंड उघडणार होतो, पण तिथे ‘जी सेठजी’ याखेरीज काही बोलायचं नसतं. तुम्ही असतात तर गादी उलटी करून आला असतात. दोनशे चाळीसही तिथेच राहिले असते, म्हणून बरं झालं तुम्ही नव्हतात.

लोक मात्र भले आहेत. अडीअडचणीला नंबर बदलून घेतात. बाळकृष्णजी म्हणून साठीचे एक कारकून आहेत, लांबून सायकलवर येतात. मुलीच्या सासरचे लोक मंगळवारी पेढीवर भेटायला येणार, त्यांच्यासमोर शोभा नको, म्हणून त्यांचा मंगळवार मी घेतला आणि माझा शुक्रवार त्यांना दिला. मुनीमजींनी ते सेठजींना सांगितलंच नाही. सेठजी वर न बघताच सुरू झाले. तीस साल से यहाँ हो, अक्ल नहीं आई! सफेद बाल हो गए! दात पडले, हिशेब पडले, आता तूही पडशील! मी चार महिन्यांचा नोकर, डोक्यावर काळे कुळकुळीत केस, सगळ्याला ‘जी सेठजी’ म्हणत उभा. ज्याचा नंबर लागतो त्याच्याशी त्या दिवशी कोणी बोलत नाही, चहासुद्धा तो एकटाच पितो. त्या दिवशी बाळकृष्णजींनी गुपचूप अर्धी कचोरी माझ्या वहीखाली सरकवली. शुक्रवारी त्यांचा नंबर आला. सेठजी हसले की सगळ्यांनी हसायचं असतं. मामा, मी हसलो.

असो. पगाराचा रेडिओ घेतला, फार गोड वाजतो. शांताला दोन महेश्वरी लुगडी घेतली, ती घडीवर तशीच आहेत. बेबीला जेवणानंतर मी पेढीची नक्कल करून दाखवतो. मी उशीवर सेठजी होऊन बसतो, ती हात जोडून ‘जी सेठजी’ म्हणते आणि लोळण घेऊन हसते. शांता उठून भांडी आवरायला जाते. तेव्हा एकंदर उत्तम चाललं आहे, काळजी नसावी. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (या एका बाबतीत सोडून)
रघुवीर

ता. क. वरचं पत्र काल लिहून ठेवलं होतं. त्यात एक गोष्ट गाळली होती, ती लिहितो. गुरुवारी माझा नंबर होता. घरी आलो तर बेबीने दौत सांडलेली. मी ओरडलो. कसा ओरडलो ते तुम्हाला जनाबाई सांगतील, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बेबीला वाटलं खेळच आहे. तिने हात जोडले, ‘जी सेठजी’ म्हणाली आणि बोळकं पसरून हसली. मी आणखी ओरडलो. तेव्हा तिचं हसणं थांबलं. हात मात्र तिने सोडले नाहीत. बारीक आवाजात मला म्हणाली, बाबा, आज माझा नंबर आहे का?

मला रडू आलं. तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्हीही मला लहानपणी झाडत होता, पण ते माझ्यासाठी असायचं, आणि संध्याकाळी जिलेबी आणायचात. मामा, मला सोमवारी सही करायची नाही. चिंतामणराव सध्या दफ्तराबरोबर तिकडेच आहेत. माझी जागा भरली नसेल तर शब्द टाका. पंच्याण्णव चालतील, पेटारे चालतील, पापडसुद्धा चालतील. फक्त मी विनवण्या केल्या असं म्हणू नका. मामांनी कान धरून परत आणला असं इकडे सांगेन म्हणतो.

आणखी ता. क. शांताने हे सगळं वाचलं आणि पिठाच्या डब्यातून मामींचं पत्र काढून दिलं. हिने संक्रांतीलाच त्यांना सारं कळवलं होतं म्हणे! आणि तुम्ही तिचं पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तसला गुडघा घेऊन, चिंतामणरावांच्या घरी पायी गेलात, होळीपर्यंत जागा राखून ठेवायला लावलीत, आणि सगळ्यांना बजावलंत की रघुवीरला कोणी सांगायचं नाही, त्याचं त्याला मागू दे.

उद्या पेढीवर नाही म्हणून सांगतो. चार महिन्यांची तुमची बोलणी साठली असतील, ती आता सविस्तर लिहून पाठवा, कागदाच्या दोन्ही बाजूंनी. नंबर माझाच आहे.