बाराव्या बंदुकीसमोरची खूण

१६ फेब्रु., रविवार, सं.

क्लबमधल्या टिमच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. मधल्याचं उद्या कळेल.

घडलं ते क्रमाने. अप्पर हटच्या पार्कात हेरिटेज डे. आमच्या क्लबचे जुन्या लढाईचे दोन खेळ, साडेअकरा आणि दोन. दीडशे वर्षांपूर्वीचे लोकरी कोट, ठासणीच्या बंदुका. गोळी नसते, नुसती दारू. दुपारच्या खेळाआधी बारा जण रांगेत. नेहमीप्रमाणे रिकाम्या बंदुकीवर एकेक टोपी, म्हणजे बार पेटवणारी तांब्याची छोटी टिकली, उडवून बघायची, नळी पायांपुढच्या गवताकडे. हवेने गवताचं पातं हललं की नळीचं छिद्र मोकळं. सगळ्यांचे दारू ठासायचे गज गोळा करून टिम बाजूला पोचला, मग मी हुकूम दिला. त्याच्या हातातला एक गज निसटला. तो उचलायला टिम परत रांगेपुढे येऊन वाकला. रांगेत शेवटी ग्रॅहम, त्याने चाप ओढला. टोपी फुटायला हवी होती, आख्खा बार उडाला.

दोरीपलीकडे लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, खेळ सुरू झाला.

ग्रॅहम गुडघ्यावर बसून टिमचं मनगट आवळून धरत होता. शहात्तर वर्षांचा माणूस, अँब्युलन्स येईपर्यंत पकड सुटली नाही. माझी बायको मीनल रुग्णालयात ड्युटीवरच होती, तिनेच सहाला फोन करून बोटांचं सांगितलं.

काय, कुठे, कधी, कुणाला. एवढं लिहून झालं. का, ते आज नको.

१७ फेब्रु., सोम.

ऑफिसला कळवलं, येत नाही. लिहायला घेतलेल्या मॅन्युअलचं प्रकरण पुढच्या मंगळवारी द्यायचंय, ते देईन.

का.

सकाळच्या खेळात ग्रॅहमची बंदूक उडाली नसणार. दारू भरली, टोपी लावली, चाप ओढला, शेजारच्या अकरा बंदुका एकदम कडाडल्या, धूर झाला. आपली उडाली की नाही, हे त्या आवाजात कुणालाच कळत नाही. माझ्याही बाबतीत झालंय. यात ग्रॅहमची चूक नाही. म्हणून तर प्रत्येक खेळाआधी सेफ्टी ऑफिसर प्रत्येक नळीत गज टाकून बघतो. रिकामी असेल तर लोखंडावर लोखंड वाजतं, टण्ण. आत दारू असेल तर आवाज बसका येतो. एवढंच तंत्र आहे. नऊ वर्षांपूर्वी ग्रॅहमनेच शिकवलं मला, त्याच्या गॅरेजमध्ये. डोळे मिटायला लावून.

सेफ्टी ऑफिसर मी.

दुपारी दहा बंदुका पाहिल्या. माइकवरचा माणूस म्हणाला, आपण चार मिनिटं लेट आहोत, लोक उन्हात उभे आहेत. अकरावी पाहिली. बारावा ग्रॅहम. तो हसून म्हणाला, "ऑल गुड, मेट." मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि रांगेपुढे गेलो.

गज टाकला नाही.

१७, नंतर

आणखी एक आहे. फॉर्म.

तपासणीच्या फॉर्मवर बारा ओळी असतात: बंदुकीचा नंबर, धरणाऱ्याचं नाव, नळी रिकामी असल्याची खूण, वेळ, खाली सही. मी तो आदल्या संध्याकाळीच भरतो. दोन्ही खेळांचा. इकडे येण्याआधी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर चौदा वर्षं काढली. निकालाच्या दोन्ही बाजूंच्या बातम्या आदल्या दिवशी तयार असायच्या, आजारी पुढाऱ्यांचे मृत्युलेख सहा-सहा महिने आधी. वेळेवर पान सोडणारा माणूस असं माझं नाव होतं. त्याचंच हे. नऊ वर्षांत कुणाला खटकलं नाही. उलट क्लबमध्ये कौतुक, याचे कागद कधी रखडत नाहीत.

फॉर्मवर शनिवारी संध्याकाळपासून लिहिलेलं आहे: नं. १२, ग्रॅहम, नळी रिकामी, दुपारी १.४५.

१९ फेब्रु., बुध.

बंदूक परवान्यांच्या खात्यातून ऑफिसर आल्या. पन्नाशीच्या, शांत. बूट दारात काढले. चहा घेतला. फॉर्म टेबलावर ठेवून विचारलं, हे तुमचंच अक्षर? हो. सही तुमची? हो. तपासणीनंतर आणि टोपी उडवण्याआधी कुणाला बंदूक भरायला वेळ मिळाला असता? मी म्हटलं, चार-पाच मिनिटं होती.

दिलेलं प्रत्येक उत्तर खरं आहे. तुम्ही बारावी बंदूक पाहिली का, हे त्यांनी विचारलंच नाही. फॉर्म समोर असताना कोण विचारेल.

जाताना म्हणाल्या, सगळ्या क्लबांचे कागद असे असते तर माझं काम सोपं झालं असतं.

२२ फेब्रु., शनि.

ग्रॅहमकडे गेलो. दोन गल्ल्या पलीकडे, तरी सहा दिवस लागले. सांगायला गेलो होतो.

दार जीनने उघडलं. त्याची बायको, एरवी मला बघितल्यावर आधी खायला काढणारी. हळूच म्हणाली, तो झोपत नाहीये, जरा सांभाळून बोल.

तो किचनमध्ये कागद-पेन्सिल घेऊन बसला होता. रविवारचा मिनिटा-मिनिटाचा तक्ता. मला बघून बरं वाटलं त्याला. म्हणाला, ये, तुझी मदत हवीये. मग तक्त्यावर बोट ठेवत सांगत गेला. पावणेदोनला तू माझी बंदूक तपासलीस. गजाचा आवाज मला आठवतो, स्वच्छ टण्ण. म्हणजे तेव्हा नळी रिकामी. दोनला दहा कमी असताना बार उडाला. म्हणजे मधल्या वेळात मीच भरली. दुसरं कुणी माझ्या बंदुकीला हात लावत नाही.

"आणि मला ते अजिबात आठवत नाही, प्रसाद. एक क्षणही नाही."

तो आवाज सकाळचा आहे, ग्रॅहम. सकाळी मी गज टाकला होता.

हे मी तिथे बोललो नाही. इथे लिहितोय. तिथे म्हटलं, अशा वेळी आठवणी सरमिसळ होतात. तो म्हणाला, म्हणून तर फॉर्म असतो.

त्याच्या आईचं शेवटी असंच झालं होतं. जीनने निघताना फाटकाशी सांगितलं.

२३ फेब्रु., रवि.

मीनलला सांगितलं. ती नाइट करून आली होती, पोहे केले होते मी. सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न बारावी बंदूक का सोडलीस हा नव्हता.

"आधीच सही? नऊ वर्षं?"

मग म्हणाली, आमच्याकडे गोळी पेशंटच्या तोंडात जाण्याआधी चार्टवर सही केली तर त्या दिवशी घरी पाठवतात. आणि बरोबर करतात. मी म्हटलं, मी प्रत्येक वेळी नंतर बघायचोच. ती म्हणाली, अरे, तसं सगळेच म्हणतात.

बशी उचलून सिंकमध्ये ठेवली. ग्रॅहमला कधी सांगणार आहेस, विचारलं. या आठवड्यात. मान हलवली आणि झोपायला गेली. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

२४ फेब्रु., सोम.

क्लबच्या सेक्रेटरीचा सगळ्यांना ईमेल. प्राथमिक चौकशीत क्लबची कार्यपद्धती चोख आढळली, याचं मोठं श्रेय आमच्या सेफ्टी ऑफिसरच्या शिस्तीला.

मॅन्युअलचं प्रकरण पाठवलं. एक दिवस आधीच.

२७ फेब्रु., गुरु.

टिमला भेटलो. घरी आलाय. मधलं बोट वाचलं, पण वाकत नाही. तो सुतार आहे. किचनची कपाटं करतो, आमचीही त्यानेच केली. जानेवारीत नवी व्हॅन घेतली, नाव रंगवलेली.

कन्सेशन मिळेल का विचारतो, मॅनिक्युअरचं, आठ बोटांच्या भावात. मी हसलो.  बायको डेअरीवर दूध आणायला गेली तेव्हा म्हणाला, ग्रॅहमवर मी चिडलेलो नाही असं सगळ्यांना सांगतो. खोटं आहे. त्या वयात हातात बंदूक कशाला हवी. कुणीतरी आधीच काढून घ्यायला हवी होती. तू सेफ्टीचं बघतोस, तुझ्या लक्षात आलं नाही कधी, की त्याचं डोकं सरकतंय?

मी म्हटलं, त्याचं डोकं ठीक आहे.

"तू त्याचा दोस्त आहेस," टिम म्हणाला. "तू असंच म्हणणार."

तोंडापर्यंत आलं होतं. आधी ग्रॅहमला सांगायला हवं, म्हणून गिळलं. की म्हणून नाही. माहीत नाही.

१ मार्च, शनि.

सांगितलं.

ग्रॅहम गॅरेजमध्ये होता. भिंतीवरच्या बंदुका नव्हत्या, नुसत्या खुंट्या. बुधवारी स्वतः जाऊन चारही जमा केल्या, लायसन्सही परत केलं. त्यातली एक त्याने घटस्फोटातून वाचवली होती, असं पहिल्या बायकोबद्दल गमतीने सांगायचा.

मी उभ्याउभ्याच बोललो. बाराव्या बंदुकीत गज टाकला नाही. तुझ्या खांद्यावर थाप मारली आणि पुढे गेलो. फॉर्म शनिवारी भरलेला होता. सकाळचा बार आत राहिला होता. तू काहीही विसरलेला नाहीस. रात्रभर मनात घोकलेलं, त्यामुळे वाक्यं एकामागून एक नीट आली. आता वाटतं, फारच नीट.

त्याने पूर्ण ऐकलं. चष्मा काढून शर्टाला पुसला. डोळे भरले होते.

"जीनने बोलावलं का तुला?"

नाही म्हटलं.

"फार चांगला माणूस आहेस तू. पण हे माझ्यासाठी करू नकोस. तुझं लायसन्स जाईल, कदाचित कोर्टात उभं करतील. तुला पुढे वीस वर्षं आहेत." आणि मग, "मी आवाज ऐकलाय, मेट."

मी म्हटलं, तो सकाळचा. म्हटलं, पुन्हा आठव, थाप आठव. शपथ घेतो म्हटलं. जितकं जोर देऊन बोललो तितका तो माझ्याकडे मायेने बघत गेला. शेवटी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर जीनला सांगताना ऐकलं, बघ, कसले मित्र आहेत मला.

जीनने मला मिठी मारली. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, आय नो, लव्ह. आय नो.

२ मार्च, रवि.

काही नाही. हिरवळ कापली.

५ मार्च, बुध.

ऑफिसरना लेखी पाठवलं होतं सोमवारी. दीड पान, सही, तारीख. आज फोन आला.

त्यांचा सूर बदलला होता, पण मला वाटलं होतं तसा नाही. जपून बोलत होत्या. म्हणाल्या, तुमच्या फॉर्मवर तपासणी झाल्याचं आहे. ग्रॅहमच्या जबाबात आहे. रांगेतल्या आणखी दोघांनी तुम्ही सगळ्या बंदुका पाहिल्याचं सांगितलंय. मी विचारलं, त्यांनी मला बाराव्या बंदुकीपाशी गज टाकताना पाहिलं? त्या म्हणाल्या, ते म्हणाले, तुम्ही नेहमीच पाहता. मग थांबून विचारलं, ग्रॅहमच्या घरच्यांनी तुमच्याकडे काही शब्द टाकला आहे का?

मी नऊ वर्षांचे फॉर्म काढून देतो म्हटलं. सगळे एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेले आहेत, बघा, दिसेल. त्या म्हणाल्या, बघू. पण नीटनेटकं अक्षर हा पुरावा होत नाही.

जबाब पुन्हा नोंदवायला बोलावतील. तारीख दिलेली नाही.

आयुष्यभर कागदावर विश्वास बसेल असं लिहायचं काम केलं. दीड पानात एक शब्द फालतू नव्हता. मीनलला वाचायला दिलं तर म्हणाली, खरं बोलणारा माणूस असं लिहीत नाही.

टिमला लिहिलेलं पत्र ड्राफ्टमध्ये आहे. त्यालाही ते मैत्रीच वाटणार. तरी उद्या स्वतः जाऊन सांगायचं.

६ मार्च, गुरु.

टिमला सांगितलं. त्याने विश्वास ठेवला. लगेच. दाराकडे बोट दाखवलं, जे बोट वाकत नाही ते. मी निघालो.

गाडीत बसल्यावर हलकं वाटलं, आणि त्याची लाज वाटली. मग आठवलं, ग्रॅहमला तू सांग, असं टिमला म्हणायचं राहिलं. आता कुठल्या तोंडाने सांगू.

८ मार्च, शनि.

जीनचा फोन. ग्रॅहम आता प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो. गाडी लॉक केली का मी? केलेली असते. गोळी घेतली का? घेतलेली असते. कालपासून तो किल्ल्या तिच्याकडे देतो. सुपरमार्केटात शेजारणीचं नाव पटकन आलं नाही, तर घरी येऊन रडला. जीनलाही ते नाव आठवत नव्हतं, पण ती हे त्याला बोलली नाही. मी विचारलं, का नाही बोललीस? म्हणाली, त्याला वाटेल मी समजूत घालतेय.

गुरुवारी सव्वादहाला मेमरी क्लिनिक. त्याची इच्छा आहे की मी बरोबर यावं. त्या दिवशी काय घडलं ते डॉक्टरांना नीट क्रमाने सांगायला. प्रसादसारखं कुणी सांगत नाही, म्हणाला म्हणे.

मी येतो म्हटलं. मी काय सांगणार ते तुला माहीत आहे ना, जीन, असंही म्हटलं.

ती म्हणाली, "तुला जे वाटेल ते सांग. फक्त त्या फॉर्मची कॉपी आण. डॉक्टरांनी मागितलीये."