दुसरं पान

३ मार्च, सोमवार
केली सही. तक्रार मागे. संपलं एकदाचं!

बाळंतपणाच्या रजेवरून परतले तर आठ वर्षं सांभाळलेला रक्ततपासणी विभाग काढून घेतलेला, आणि मला तळघरात जुन्या फायलींपाशी बसवलेलं. "लहान बाळ आहे, तुमचं लक्ष लागणार नाही" — लॅबचे मॅनेजर विक्रम सर. म्हणून गेले होते कामगार कार्यालयात. चार महिने खेटे घातले. आज अचानक समझोता — माझी जागा मला परत, मी तक्रार मागे घ्यायची. सरांनी स्वतः चहा मागवला. कागद दोन पानांचा. पहिलं वाचलं. तेवढ्यात घरून फोन — बाळाला ताप! सर दुसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे तेच आहे, वकिली भाषेत." निघायची घाई. केली सही.

पारशिवनीहून आईचा फोन. "देव पावला वं बाई!"

५ मार्च
माझं टेबल. माझं मशीन.

दामिनी गळ्यातच पडली. अख्ख्या लॅबमधून माझ्या बाजूनं साक्ष द्यायला ही एकटी पोरगी तयार झाली होती. आता तिलाच पाचवा महिना लागलाय. "ताई, तुमच्यामुळं आता मले कोणी तळघरात नाही बसवणार." दिवसभर तेच कानात.

६ मार्च
बाळाचा ताप उतरला. कितीतरी दिवसांनी सलग झोपले.

१० मार्च, सोमवार
दामिनी आली नाही. फोन बंद. रिसेप्शनवरची प्रीती हळूच म्हणाली, "तिले काढलं न. शनिवारीच पत्र देल्लं."

"काहून?"

तिनं मान खाली घातली. "तुम्हालेच माहीत असन."

मला?

११ मार्च


प्रताप नगरला दामिनीच्या खोलीवर गेले. तिनं आत बोलावलं नाही. दारातच दोन कागद पुढे केले. एक — कामावरून काढल्याचं पत्र. त्याला जोडलेलं दुसरं — माझं दुसरं पान! "माझ्याबाबत कोणताही भेदभाव झालेला नाही. सदर खोटी तक्रार मी दामिनी यांच्या चिथावणीमुळे केली."

मी! मी असं म्हटलं! तिच्याबद्दल!

"दामिनी, मी वाचलं नव्हतं गं..."

"सही तं तुमचीच आहे न?"

दार लागलं. जिन्यात किती वेळ उभी होते, कोण जाणे.

१२ मार्च
सरांच्या केबिनमध्ये गेले. भांडायलाच गेले होते. ते हसले. "मॅडम, तुमची जागा तुम्हाला मिळाली. अजून काय पाहिजे?"

लिहायचीही लाज वाटते — मी बाहेर आले आणि मशीनपाशी जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत नमुने तपासत होते.

१३ मार्च
आजही गेले कामावर.

१८ मार्च
सहन झालं नाही. सुट्टी टाकून कामगार कार्यालयात गेले. साहेबांनी ऐकून घेतलं. "मागे घेतलेली तक्रार पुन्हा उघडणं सोपं नाही, बाई. पण दामिनी यांनी स्वतःची तक्रार दिलीय. सात एप्रिलला सुनावणी आहे. त्यात खरं काय ते सांगायचं असेल तर लेखी जबाब घेऊन या. नोकरीचं मात्र तुम्ही बघा."

घरी नवरा भडकला, सुशील. "चार महिने मरमर केली न त्या जागेसाठी? आता काहून उकरून काढून राहिली तू?" मग जेवताना म्हणाला, "तिचं घर कसं चालून राहिलं असन?"

६ एप्रिल
जबाब लिहिला. सरांनी काय सांगितलं, मी काय वाचलं, काय नाही — सगळं. दामिनीला सात फोन केले. उचलला नाही. नोकरी जाणारच. जाऊ दे!

७ एप्रिल, सोमवार
सुनावणी. विक्रम सरांच्या देखत जबाब टेबलावर ठेवला. साहेबांनी दामिनीला विचारलं, "यांची साक्ष तुमच्या बाजूनं घेऊ?"

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"नको, साहेब. उद्या यांनी हे बी मागं घेतलं तं?"