परत येणारं पाकीट

प्रिय घुम्या,

अकरा वर्षं तू तोंड उघडलं नाहीस, तेव्हा आता निमूट ऐकून घे. आई गेली. दीड वर्ष झालं. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. तिचं घर आता आपल्या तिघांचं, आणि घोडं तुझ्यापाशी अडलंय. दादाचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. जिना तो बसून उतरतो, एकेक पायरी करत. घर विकून त्याच्यासाठी तळमजल्यावरची जागा घ्यायचीय, पण तुझ्या सहीशिवाय काहीच हलत नाही. पेपरात दोनदा नोटीस दिली, तुझा तो कान झाकणाऱ्या केसांचा फोटो छापला. एक म्हातारे गृहस्थ तेवढे आले, स्वतःच्या मुलाचा फोटो घेऊन. त्यांना चहा दिला आणि बसस्टॉपपर्यंत सोडून आले.

वकीलबाई म्हणाल्या, सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, त्याला कोर्ट मेलेला धरू शकतं, मग त्याचा हिस्सा तुम्हा दोघांकडे येईल. दादाने यावर पिशवीतून कार्डं काढून टेबलावर ठेवली. आईच्या दर वाढदिवसाला तिला आलेली तुझी कार्डं, शेवटचं दोन वर्षांपूर्वीचं. बाई म्हणाल्या, मग तर तो जिवंत आहे. दादाचा चेहरा उजळला, आणि मी घाईघाईने कार्डं पुन्हा पिशवीत भरायला लागले.

ती कार्डं मी लिहायचे, घुम्या. तुझं ते डावीकडे कललेलं अक्षर जमायला मला दोन वह्या लागल्या. टाकायला बसने दुसऱ्या गावी जायचे. पहिल्या वर्षी आई रोज दारात उभी राहायची, मला बघवेना. एकदा सुरू केल्यावर थांबवणार कसं? आणि खरं सांगते, कार्ड यायचं त्या दिवशी मीही तिच्या शेजारी बसून ते आनंदाने वाचायचे.

हे मी तिथेच, वकीलबाईंपुढे, दादासमोर कबूल केलं. गप्प बसले असते तर तो उरलेलं आयुष्य तुझी वाट बघत तो जिना उतरत राहिला असता. मला वाटलं चिडेल. घरी आल्यावर तिसऱ्या पायरीवर टेकला आणि म्हणाला, "एखादं तरी त्याचं असेल. नीट बघ ना."

मी पुन्हा सगळी बघितली. सगळी माझीच होती.

आता वकीलबाईंना शेवटचा पुरावा हवाय. तुझा एकच पत्ता आमच्याकडे आहे, त्या छापखान्याच्या माडीवरच्या खोलीचा. तिथे रजिस्टर पत्र टाकायचं आणि ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा शिक्का बसून परत आलं की ते पाकीट न फोडता कोर्टात द्यायचं. आत कोरा कागद घातला तरी चालेल म्हणाल्या. मला घालवेना. दादासाठी हे परत यायला हवं, हे मला कळतं. तरीही पोस्टमन तुझ्या दाराशी आलाच, तर काही बोलू नकोस, उत्तरही लिहू नकोस. नुसती सही करून ठेवून घे. दादाला मी धरून उतरवेन.

तुझीच,
ताई