माझा गुडघा चिरंजीवांच्या ऑफिसात

तीर्थरूप वन्संना,

नमस्कार. पाठ कशी आहे? मलम लावता की नुसतंच उशाशी ठेवता? इकडे मी बरी आहे. गुडघाही बरा आहे, आणि तो बरा असल्याचं आता बऱ्याच परक्या माणसांना ठाऊक आहे. तेच सांगायला बसले आहे.

चिरंजीवांचं काम तुम्ही जाणताच. दिवसभर कॉम्प्युटरला सूचना द्यायच्या आणि त्याने ऐकलं नाही की स्वतःवरच चिडायचं. सकाळी काय केलं ते संध्याकाळी आठवत नाही, म्हणून त्याने स्वतःपुरती एक सोय करून घेतली. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती काळी खिडकी. तिच्यात ‘नोंद’ एवढं टाइप करायचं, पुढे आपलं वाक्य लिहायचं, एंटर दाबायचं. वाक्य त्या दिवसाच्या तारखेखाली जाऊन बसतं. (एवढ्यासाठी इतकी वर्षं शिकला, असं मनात आलं, बोलले नाही.) तुमचे भाऊ गेल्यापासून मी भिंतींशी बोलते, असा त्याचा समज आहे. भिंतींशी नाही बोलत. कधीमधी फ्रिजशी बोलते, तेही त्याने आधी आवाज केला तर. तरी मागच्या खेपेला आला तेव्हा त्याने ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर मलाही ती सोय करून दिली.

मला जमलं. शाळा चौथीतच सुटली, पुढचं सगळं वाचन माझं मीच केलेलं, त्यामुळे कोणी समजावून सांगायची वाट बघायची सवय नाही. आणि लिहिण्यासारखं साठलेलंही होतं. तुमचे भाऊ संध्याकाळी बूट काढता काढता ‘काय विशेष?’ विचारायचे आणि मी सांगायला लागले की पेपर उघडायचे. तरी मी सांगायची. ते सगळं आता खिडकीत जाऊ लागलं.

घोटाळा असा झाला, की चिरंजीवांनी आपल्याकडची मांडणी जशीच्या तशी उचलून माझ्याकडे ठेवली होती. त्याच्या मॅडमना रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या कामाचा तपशील लागतो, म्हणून त्याच्या नोंदी आपोआप ऑफिसात जातात. तेवढा भाग काढायचा तो विसरला. मग त्याच्या नावाखाली, त्याच्या कामाच्या जोडीने, अख्ख्या ऑफिसला रोज कळू लागलं : ‘जिन्यातला दिवा बदलला. आत मुंगळा होता.’ ‘दूध नासलं. दोष फ्रिजचा.’ ‘वरच्या माणसाने परत गॅलरीत पाइप सोडला. सांगून बघितलं. बहिरा नाही, निगरगट्ट आहे.’ ‘गुडघा बरा. जिना एका दमात चढून झाला.’ ‘चहा आज पुन्हा दोघांचा झाला. दुसरा कप तासाभराने गरम करून संपवला.’

दोन आठवडे कोणी चकार शब्द काढला नाही. मग मॅडमनी त्याला आत बोलावलं, दार लावलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? आणि चार दिवसांची रजा दिली. (हीच रजा तो वर्षभर मागत होता.) ती घेऊन तो तडक माझ्याकडे आला, बूटही न काढता.

“आई, तू लिहितेस ते सगळं ऑफिस वाचतंय!”

“वाचू दे की. खोटं आहे का त्यात काही?”

“अगं, माझ्या नावाने!”

“मग नाव तुझं जातंय. माझं काय बिघडलं?”

त्याने डोक्याला हात लावला, मग काळी खिडकी उघडली आणि ते पाठवणं बंद करून टाकलं. “आता कोणीसुद्धा वाचणार नाही,” म्हणाला. भलताच खूश होता. रजेतले उरलेले दिवस झोपून काढले आणि गेला.

तेव्हा सगळं मार्गी लागलं आहे, काळजी नसावी.

तुमची,
वहिनी

ता. क. मॅडमनी त्याला परवा विचारलं म्हणे, तो वरचा माणूस सुधारला का? सुधारलेला नाही.

आणखी एक ता. क. खरं सांगायचं तर हल्ली मी खिडकी उघडते, ‘दूध आलं’ लिहिते आणि उठते. तुमची लेक त्याच कामात आहे ना? माझ्या नोंदी संध्याकाळी तुमच्या फोनवर येतील असं तिला करता येईल का? चिरंजीवांना विचारायचं नाही. काळजीने दर रविवारी येऊन बसेल. उत्तर पाठवायची गरज नाही, आणि गुडघ्यावर उपाय तर मुळीच नको.

शेवटचा ता. क. रोज वाचणं झालं नाही तरी चालेल. तसं मला कळवू मात्र नका.